खाली घातलेलं नाव

सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानाच्या माडीवर दोन कॉम्प्युटर होते. वर जाताना चपला जिन्याखाली काढाव्या लागायच्या. यंत्रांना धूळ चालत नाही, असं मालक सांगायचा. खाली पोती उसवली जात आणि हळदीची पिवळी पूड जिन्यावरून सरळ वर येई, ती मात्र चालायची. मालक तिशीतला, जैन अडत्याच्या घरातला. घरचा धंदा सोडून तो ह्या नादाला लागला होता. त्याची आई पाहुण्यांना सांगायची, "त्यो वर टीव्हीसारकं कायतरी चालवतो."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याची, सांगलीत चित्रकलेच्या पदविकेला होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहायचे. दर शनिवारी मी काळ्या शाईनं काढलेल्या चार चौकटी घेऊन त्या माडीवर जायचे. मालक त्या स्कॅन करायचा आणि फुकट जागा देणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या पानावर चढवायचा. पान त्यानंच तयार केलं होतं. त्यातलं मला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची घाईही नव्हती. मला चित्राशी मतलब.

माझ्या चित्रकथेत एक हापसा होता. आमच्या वस्तीत होता तसाच, वाकड्या दांड्याचा आणि कोरडा. लोक येऊन दांडा हापसत. पाणी यायचं नाही, हापशाची मतं यायची. आमदार, शाळामास्तर, देवळाची कमिटी, कुणालाच तो सोडत नसे. चौकटींतलं मराठी मी हातानंच लिहायचे, म्हणून फॉन्टची भानगड नव्हती. खालचा मजकूर मात्र इंग्रजीत, शब्दकोश मांडीवर घेऊन लिहायचे. तिथं माझी आठवड्याची खबरबात असायची: मेसची पातळ आमटी, आईचे गुडघे, एका मास्तरांनी माझ्या चित्रावर मारलेली लाल फुली. ते झालं की मी जगाकडे वळायचे. कुठं कामगारांनी बंदर बंद पाडलं, कुठं बायका थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या, हे पेपरात चार ओळींत यायचं. मी त्यावर चाळीस ओळी लिहायचे. सांगलीत बसून मी तीन-चार सरकारं तरी पाडली असतील.

हे माझ्या रक्तातच होतं म्हणायला हरकत नाही. साताऱ्यात आमच्या पुढच्या खोलीत आप्पांचं, माझ्या वडिलांचं, पायानं चालवायचं छपाईयंत्र होतं. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं पोटासाठी, पत्रकं बाकी सगळ्यासाठी. धरणात गेलेल्या जमिनींची पत्रकं, पाण्याच्या वाटपाची, जयंतीची, एका गावात आमच्या माणसांना विहिरीवर अडवलं त्याची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती शिशाच्या खिळ्यांवरून, म्हणजे आधी उलटी. आप्पांचा एकच नियम होता. निनावी पत्रक आपल्या यंत्रावर चढणार नाही. प्रकाशक कोण, मुद्रक कोण, गाव कोणतं, हे सगळं खाली आलंच पाहिजे.

मी दहा वर्षांची असताना दोन पोलीस दारात आले. त्यांच्या हातात आमच्याकडे छापलेलं पत्रक होतं.

"हे कुणी छापलं?"

आप्पा शाईचे हात पुसत म्हणाले, "खाली वाचा की सायेब. न्हाई वाचता येत तर माझी पोरगी वाचून दावंल."

मी वाचून दाखवलं. आप्पांचं नाव, आमचा पत्ता, सातारा. पोलीस त्यांना घेऊन गेले आणि संध्याकाळी सोडलं. पण त्या दिवशी मी दारात उभी राहून ते नाव मोठ्यानं वाचलं होतं, त्याची छाती फुगवणारी भावना माझ्यात वर्षानुवर्षं राहिली. नाव लपवणारा माणूस माझ्या लेखी भित्रा होता. हा विचार मी कधी तपासून पाहिला नाही.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता मला एका परक्या देशातून ई-मेल आली. लिहिणारी माझ्याच वयाची, वास्तुकलेची विद्यार्थिनी. देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथं एक सेनापती तिच्या जन्माच्या आधीपासून गादीवर होता, एवढं पुरे. तिला मराठी येत नव्हतं, पण हापसा कळत होता. "आमच्याकडेही असले म्हातारे आहेत," तिनं लिहिलं, "फक्त ते बोलत नाहीत."

आम्ही दर शनिवारी लिहू लागलो. विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते आणि तीही त्यांत होती. वसतिगृहाच्या चादरी रंगवून त्यांनी फलक केले होते. रंग उकळायला भांडं नव्हतं, तेव्हा स्वयंपाकिणीनं भाताचं मोठं पातेलं दिलं आणि पुढचे दोन दिवस सगळ्यांनी निळसर भात खाल्ला. हे वाचून मी माडीवर एकटीच हसले. मालकानं मान वळवून विचारलं, "काय झालं अक्का? नोकरी लागली?"

"क्रांती लागली," मी म्हटलं.

"पगार काय?"

मी त्या निळ्या भाताचं चित्र काढलं. चार चौकटींऐवजी पानभर एकच. चादरींचा मोर्चा, कडेला भाताचं पातेलं, सगळ्यांच्या पुढे हापसा, त्याला पहिल्यांदाच पाणी आलेलं, आणि त्या पाण्यात सेनापतीची टोपी वाहत चाललेली. आजही मला वाटतं, ते माझं सगळ्यात चांगलं चित्र होतं. खाली मी, आमच्या घरच्या शिस्तीप्रमाणे, इंग्रजी अक्षरांत ओळ घातली. हकिगत: तिचं पूर्ण नाव, तिचं कॉलेज, तिचं शहर. चित्र आणि प्रकाशन: माझं नाव, सांगली. दोन्ही नावं शेजारी पाहून मला भरून आलं. त्या आठवड्याच्या खबरबातीत मी लिहिलं, "जे लढतात त्यांची नावं जगाला कळलीच पाहिजेत. नाव नसलेलं सत्य अर्धंच सत्य असतं."

तिला विचारावं, असं मला सुचलंसुद्धा नाही. मान द्यायला कुणी परवानगी मागतं का?

मग दिवाळीची सुटी लागली आणि मी साताऱ्याला आले. पुढच्या शनिवारी सकाळी पोवई नाक्याजवळच्या एका टायपिंग क्लासमध्ये गेले, तिथं नुकतंच इंटरनेट आलं होतं. तिची मेल मंगळवारची होती.

"तुझं चित्र कुणीतरी छापून आमच्या कॅन्टीनच्या भिंतीवर लावलं. सगळे खूप हसले. दुसऱ्या दिवशी दोन माणसं वसतिगृहात आली. त्यांच्या हातात तोच कागद होता. माझ्या नावाखाली पेनानं रेघ मारलेली होती. मी तेव्हा बाहेर होते. आता मी तिथं राहत नाही. स्वयंपाकिणीलाही त्यांनी विचारलं. माझं नाव काढ. आज काढ."

आज म्हणजे मंगळवार. मी शनिवारी वाचत होते.

शेजारी मुली खटाखट टाइप करत होत्या. मला ते आवाज लांबून आल्यासारखे वाटू लागले आणि पहिला विचार आला तो असा, की हे मी केलं हे कुणाला कळता कामा नये. दुसरा विचार तिचा आला. हा क्रम मी विसरू शकत नाही, म्हणून लिहून ठेवते.

नाव काढायचं तर पासवर्ड हवा, आणि तो फक्त माडीवाल्या मालकाला माहीत. मी एसटीडी बूथवरून सांगलीला फोन लावला. त्याच्या आईनं उचलला.

"त्यो न्हाई बाई. बेळगावला गेलाय, मावसभावाच्या लग्नाला. सोमवारी येतोय."

"तिथला फोन नंबर आहे का हो?"

"हाय की, पत्रिकेवर हाय. पत्रिका कुटं ठेवली बगाय पायजे. काय काम होतं?"

काय सांगणार? "एक नाव पुसायचंय," मी म्हटलं.

"आगं बाई. मग ये की हिकडं. दुकानाची किल्ली माझ्याकडं हाय."

घरी न सांगता मी साताऱ्याच्या स्टँडवर गेले आणि कराड-इस्लामपूरमार्गे जाणारी गाडी पकडली. मांडीवर चित्रांची फाइल होती, त्या चित्राचं मूळ तिच्यातच होतं. कराडपर्यंत मी फक्त मंगळवार ते शनिवार मोजत होते. तिथं कोठडी कशी असेल? तिला मारत असतील का? स्वयंपाकीण म्हातारी असेल का? मला ते पातेलं दिसायचं. ती किती उंच आहे, चष्मा लावते का, हेही मला माहीत नव्हतं. तिच्याबद्दल मला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं मी त्या माणसांना लिहून दिलं होतं.

कराडला शेजारी एक हवालदार येऊन बसला, गणवेशात, सुटीवर गावी निघालेला. त्यानं भुईमुगाच्या शेंगांची पुडी उघडली आणि माझ्यापुढे धरली. मी मान हलवली.

"घ्या ओ, घरच्या हायत. फायलीत काय, नकाशे?"

"चित्रं."

"आसं व्हय! माझी पोरगी बी लय चित्रं काढती. भिंती ठेवल्या न्हाईत. दावा की एकांदं."

मी फाइल छातीशी धरली. "ओली आहेत," मी म्हटलं. ओली चित्रं फाइलमध्ये कोण ठेवतं? त्याला हसू आलं.

"ऱ्हाऊ द्या. नाव काय तुमचं?"

इतका साधा प्रश्न. मुलीला सांगायचं असेल त्याला, की गाडीत एक चित्रकार भेटली. मी तोंड उघडलं आणि भलतंच नाव सांगितलं. वर्गातल्या एका मुलीचं. आडनाव विचारलं तेव्हा तेही तिचंच दिलं. तो "बरं बरं" म्हणत शेंगा सोलत राहिला आणि आष्ट्याला उतरताना मूठभर शेंगा माझ्या फाइलवर ठेवून गेला. तो मागं वळून बघतो का, हे मी गाडी हलेपर्यंत खिडकीतून बघत होते. भल्या माणसाच्या पुढ्यात, दिवसाढवळ्या, माझ्याच मुलखात माझी ही गत. तिच्या दारात आलेली माणसं शेंगा घेऊन आली नव्हती.

सांगलीत माडीवाल्याची आई दुकानाच्या पायरीवर किल्ली घेऊन बसली होती. पत्रिका सापडली होती. लग्नाच्या हॉलवर फोन लावला, तिथं सनई आणि आरडाओरडा. पाच मिनिटांनी तो फोनवर आला.

"अक्का? कोण वारलं?"

"कुणी नाही. पासवर्ड सांगा."

"आत्ता? हितं? मागं वरात हुबी हाय."

मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "माझ्या स्कूटरचा नंबर, दारात हुबी हाय ती. उलटा. आई हुबी आसंल तर मोठ्यांदा म्हणू नका, ती दुसऱ्या कुणालातरी सांगंल." आणि पान कसं उघडायचं, कुठली कळ दाबायची, ते त्यानं मला सनईच्या आवाजात एकेक करून सांगितलं. मी हातावर लिहून घेतलं.

चपला काढायला मी विसरले. मोडेम दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा किरकिरत लागला. चित्र गेलं, मग खालची ओळ, मग मी सगळंच काढलं. हापसा, आमटी, गुडघे, सगळं. पान पांढरं झालं आणि मला वाटलं, झालं.

मग मी मेलचा डबा पुन्हा उघडला. तिचं काही नव्हतं. पण सकाळी घाईत न पाहिलेली बुधवारची एक मेल होती, त्या विद्यार्थ्यांना पाठिंबा देणाऱ्या युरोपातल्या कुठल्याशा गटाची. त्यांना चित्र फार आवडलं होतं. त्यांनी ते त्यांच्या पानावर लावलं होतं, पत्रकं छापून वाटली होती, आणि त्या देशाच्या वकिलातीसमोर त्याचा मोठा फलक करणार होते. तिच्या नावासकट.

माडीवाल्याची आई चहा घेऊन वर आली होती. माझ्याकडे बघून ती खालीच बसली. "पुसलं न्हवं नाव?"

"दुसरीकडे पण आहे, आई."

"मग तितलं बी पूस."

मी त्या गटाला लिहिलं. शब्दकोश वसतिगृहात होता आणि वसतिगृह बंद. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी नऊ-दहा वेळा "कृपा करून" लिहिलं. दोन दिवस मी माडीवाल्याच्याच घरी राहिले. माझ्या आईला फोन करून थाप मारली, की चित्रांचं काम निघालंय. सोमवारी उत्तर आलं. सभ्य, प्रेमळ आणि ठाम. अशा वेळी नाव झाकणं म्हणजे दडपशाहीला मदत करणं, नाव जगाला माहीत असेल तर हुकूमशहा त्या माणसाला हात लावायला कचरतो, असं त्यांचं म्हणणं. आणि शेवटी अवतरणचिन्हांत: नाव नसलेलं सत्य अर्धंच सत्य असतं.

ते वाक्य माझंच होतं. त्यांचं म्हणणं अगदी खोटं होतं असंही मला म्हणता येत नाही. काही माणसं नाव गाजल्यामुळे वाचतात. पण ते तिनं ठरवायचं होतं. मी तिची मंगळवारची मेल जशीच्या तशी त्यांना पाठवली, आणि पाठवल्यावर लक्षात आलं, की आता तीही मी तिला न विचारता दिली होती. माडीवाला लग्नाच्या कपड्यांतच माझ्या मागं उभा होता. संध्याकाळी गटानं नावावर काळी पट्टी ओढली. वाटलेली पत्रकं परत येणार नव्हती.

साताऱ्याला आल्यावर मी आप्पांना सगळं सांगितलं. ते यंत्रापुढे स्टुलावर बसून खिळे जुळवत होते. मला वाटलं होतं, ते माझी पाठ थोपटतील, नाहीतर निदान म्हणतील की लढ्यात असं व्हायचंच.

"मी तुमचाच नियम पाळला," मी म्हटलं. जरा चिडूनच.

"माझा नियम?" त्यांनी हातातला खिळा खाली ठेवला. "मी खाली नाव कुणाचं घालायचो?"

"तुमचं."

"आन् प्रकाशकाचं. त्यो स्वता येऊन, सही करून द्यायचा. विहिरीवर कुणाला आडवलं ते आमाला कुणी सांगितलं, त्या बाईचं नाव हाय का पत्रकात? काढ, बग."

जुन्या पत्रकांचे गठ्ठे माळ्यावर होते. मी काढले आणि जमिनीवर पसरून वाचू लागले. 'गावातील एक भगिनी.' 'धरणग्रस्तांपैकी एक.' 'साक्षीदार सांगतात की.' लहानपणापासून ही पत्रकं मला पाठ होती, आणि पाठ होती म्हणूनच बहुधा ही रिकामी ठेवलेली जागा मला कधी दिसली नाही.

"ती बाई आजून त्याच गावात ऱ्हाती," आप्पा म्हणाले. मग खिळा पुन्हा उचलत, "तुजी मैत्रीण सापडली का न्हाई त्यास्नी?"

"माहीत नाही."

"मग वाट बगायची. आन् गप ऱ्हायचं. लय अवघड काम हाय, पर तेवढं कर."

मी ते केलं. सांगलीला परतल्यावर दर शनिवारी माडीवर जायचे, रिकाम्या हातानं. हापसा काढायला बसले की शाई वाळून जायची. पेपरात त्या देशाच्या बातम्या आता पहिल्या पानावर येत होत्या. गोळीबार झाला, मेलेल्यांचा आकडा आला. आकड्यात नावं नव्हती. एरवी ह्या गोष्टीवर मी किती संतापले असते! आता मी तो आकडा वाचायचे आणि त्यात ती आहे का, एवढंच विचारायचे, कुणाला ते माहीत नाही.

उन्हाळा लागता लागता एका अनोळखी पत्त्यावरून मेल आली. तीन ओळी. "मी तिची बहीण. ती घरी आहे. ह्यापुढे तिला लिहू नका."

मी ती कितीतरी वेळा वाचली. घरी आहे. म्हणजे सुटली? की सापडलीच नव्हती? घरी कशी आहे? पहिल्यांदा सुटकेचा श्वास आला, तो पुरता बाहेर पडायच्या आतच दुसरी शंका आली. तिला बहीण आहे, असं तिनं मला कधी लिहिलं नव्हतं. भावाबद्दल लिहिलं होतं. हे पत्र खरंच बहिणीचं, की पेनानं रेघ मारणाऱ्या त्या माणसांपैकी कुणाचं? मी उत्तर देते का, काय देते, कुणाचं नाव घेते, हे बघायला कुणी बसलं असेल तर?

माडीवाला पलीकडच्या कॉम्प्युटरचा पंखा साफ करत होता. "चांगली खबर हाय का अक्का?"

मी कळांवर बोटं ठेवली. तिला लिहायचं बरंच होतं. माफी मागायची होती, स्वयंपाकिणीचं विचारायचं होतं, तुझं नाव मी आता मनातसुद्धा पूर्ण उच्चारत नाही हे सांगायचं होतं. पत्र बहिणीचं असेल तर तिनं गप्प राहायला सांगितलं होतं. त्यांचं असेल तर गप्पच राहायला हवं होतं. दोन्हीकडून एकच वाट निघत होती.

मी मेल पुसली. पत्तासुद्धा लिहून घेतला नाही.

"माहीत नाही," मी मालकाला म्हटलं, आणि तो काही विचारायच्या आत जिना उतरले.